सेवेचा सूर्यास्त

हिरव्या दिव्याचं नाव काढलं तरी हल्ली माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. परवा घरी इन्व्हर्टरवाला आला होता. काम आटोपून म्हणाला, "हिरवा लागलाय ताई, म्हणजे ओके." मी म्हटलं, "हिरवा लागलाय म्हणजे फक्त हिरवा लागलाय. ओके आहे का, ते तू वेगळं तपासून सांग." त्यानं बिचाऱ्यानं पुन्हा दिव्याकडेच बोट दाखवलं. त्याचा काय दोष? हिरवा म्हणजे ओके, हे कितीतरी वर्षं मीच लोकांना शिकवत आले होते.

मी निघोज्याच्या एका कारखान्यात लाइनवर काम करते. माझे वडील पिंपरीला फाउंड्रीत होते. आम्ही भावंडं कंपनीच्या भोंग्यावर वाढलो. कुणाकडे लग्न निघालं तरी आई पहिल्यांदा विचारायची, "ह्यांची कुठली शिफ्ट येतेय त्या आठवड्यात?" जयंतीच्या मिरवणुकीला कोण किती वाजता येणार, तेसुद्धा आमच्या वस्तीत शिफ्टवरच ठरायचं. हे मुद्दाम सांगतेय. पुढं आमच्या हातून जी चूक झाली, ती शिफ्टमध्ये वाढलेल्या माणसांचीच चूक आहे. दुसऱ्या कुणाची झाली नसती.

तर आमच्या लाइनवर तेव्हा गाड्यांमध्ये बसवायचा एक डबा तयार व्हायचा. तळहाताएवढा, काळा. आत मोबाइलसारखं सिमकार्ड, एक छोटा माइक, एक छोटा स्पीकर. हा डबा गाडीच्या छतात बसतो. खाली आरशाच्या वर एक लाल बटण दिसतं आणि शेजारी बारीक दिवा. अपघात झाला, गाडीत कुणाला काही झालं, तर बटण दाबायचं. मग कॉल सेंटरमधली मुलगी थेट गाडीत बोलते. गाडी कुठं उभी आहे ते तिला तिच्या स्क्रीनवर दिसतं आणि ती मदत पाठवते. फोन शोधायला नको, नंबर आठवायला नको.

मी टेस्टिंगच्या बूथमध्ये होते. शेजारच्या बूथमध्ये माझी मैत्रीण. मी डबा जोडायचे, बटण दाबायचे आणि म्हणायचे, "हॅलो, आवाज येतोय का?" पलीकडून ती म्हणायची, "येतोय, बोला." की शिक्का मारला, डबा पुढं. तिच्या बूथचे डबे असले की ती विचारायची, मी उत्तर द्यायचे आणि शिक्का तिचा. दिवसभर एवढंच. घरी आल्यावर नवऱ्यानं नुसती हाक मारली तरी माझ्या तोंडून निघायचं, "येतोय, बोला." ते हसून लोळायचे.

ट्रेनिंगमध्ये दोन गोष्टी आमच्या डोक्यात अगदी ठोकून बसवल्या होत्या. एक म्हणजे दिवा हिरवा झाल्याशिवाय डबा पुढं सोडायचा नाही. हिरवा म्हणजे ओके. आणि दुसरी, स्पीकर खराब निघतो, माइक सहसा खराब निघत नाही. म्हणजे आपल्याला समोरच्याचं ऐकू आलं नाही, तरी त्याला आपलं ऐकू जात असतं. म्हणून टेस्ट करताना उत्तर आलं नाही तरी गप्प बसायचं नाही, बोलत राहायचं. मैत्रीण काचेतून अंगठा दाखवायची, आवाज येतोय म्हणून.

माझा नवरा राजगुरुनगरला एका खासगी आयटीआयमध्ये फिटर शिकवायचा. हाताला कानस लागली की माणूस बदलायचा. लोखंडाच्या तुकड्यावर बोट फिरवून सांगायचे, इथं अजून केसभर जास्त आहे. व्हर्नियरनं मोजून बघावं तर खरंच तेवढंच निघायचं. त्यांना शुगर आहे, इन्शुलिन घ्यावं लागतं. शुगर वाढली तर मला फार काळजी वाटत नाही. पण उतरली की मला भीती वाटते, कारण मग हे हट्टाला पेटतात. एकदा घरात अशीच उतरली, तर घामानं निथळत कपाटातल्या चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसले. मी साखर पुढं केली तर म्हणतात, "थांब, आधी घड्या होऊ देत." त्या वेळी डोक्यात जे बसलेलं असेल तेवढंच करत राहतात. दुसरं काही सुचतच नाही.

आणि हा माणूस रोज निगडीहून तळवडे, निघोजे, चाकण करत राजगुरुनगरला एकटा गाडी चालवत जाणार. म्हणून गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी एकच हट्ट धरला. रंग कुठलाही घ्या, पण आमचा डबा असलेलंच मॉडेल पाहिजे. "बायकोच्या हातचा डबा गाडीत पण," म्हणून त्यांनी सगळ्या स्टाफरूमला सांगितलं होतं.

गाडी नवीन असताना एका रविवारी हे छत पुसत होते आणि चुकून बटण दाबलं गेलं. लगेच गाडीत मुलीचा आवाज, "नमस्कार सर, आपण ठीक आहात ना? बोला." हे इतके गडबडले की फडकं हातात धरून पाच मिनिटं तिची माफी मागत राहिले. ती म्हणाली, "काही हरकत नाही सर, आम्ही आहोत." आम्ही आहोत! त्या दोन शब्दांवर माझी झोप सुधारली. पण पुन्हा उगाच दाबायचं नाही, असं मी त्यांना बजावलं. तिकडं कुणाचा तरी जीव अडकलेला असायचा आणि आपण मध्येच गंमत म्हणून बटण दाबायचं, हे बरं दिसत नाही.

मग मी एक काम केलं. आमच्याकडे प्रत्येक मशीनसमोर एक कागद लावलेला असतो, वर्क इन्स्ट्रक्शन म्हणतात त्याला. काय करायचं ते एकाखाली एक लिहिलेलं. नवीन माणूसही डोळे मिटून काम करू शकला पाहिजे, इतकं सोपं. तसा कागद मी गाडीसाठी केला, प्लास्टिकमध्ये घालून डॅशबोर्डवर चिकटवला. गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा. कप्प्यातली चिक्की खा. लाल बटण दाबा, हिरवा दिवा म्हणजे ओके. आणि शेवटी जाड अक्षरात: बोलत राहा. उत्तर आलं नाही तरी बोलत राहा.

"चित्र राहिलं की मॅडम," हे म्हणाले. तर मी गाडीचं चित्रही काढलं, चाकं जरा लहानमोठी झाली तेवढंच. आणि त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. हो, पाठ! शिकाऊ मुलांकडून हे जसं घोकून घ्यायचे, तसंच. रोज सकाळी चपला घालताना मी विचारायचे, शेवटची स्टेप काय? ते म्हणायचे, "बोलत राहा." तेव्हा मला वाटायचं, काय हुशार बाई आहे मी.

दोन-तीन वर्षांनी आमची लाइन उठली. साहेबांनी सांगितलं, नवीन नेटवर्क आलंय, आता नव्या गाड्यांना नवीन डबा. तो दुसरीकडे बनणार. त्या दिवशी पेढे वाटले. बूथच्या काचा काढून नेल्या. मैत्रीण दुसऱ्या प्लांटला गेली, मला वायरिंगच्या लाइनवर टाकलं. जुन्या डब्यांचं काय, हे त्या दिवशी कुणी बोललं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मनातच आलं नाही हो. पंखे बनवणारी कंपनी बंद झाली म्हणून घरातला पंखा थांबतो का? जुने डबे जुन्या गाड्यांत आहेत, तिथं ते चालत राहतील, असंच धरून चाललो. ते डबे ज्या नेटवर्कवर बोलतात ते नेटवर्कच गुंडाळून ठेवणार आहेत, आणि मग आतला माइक, स्पीकर, सगळं ठणठणीत असूनही डबा मुका होणार आहे, हे आम्हाला, तो डबा बनवणाऱ्यांना, कुणी सांगितलं नाही. या आमच्या पट्ट्याची ही रीतच आहे. नवीन काही आलं की पेढे, फुगे, साहेबांचे फोटो. जुनं जातं तेव्हा मात्र सगळे गुपचूप.

गुपचूप म्हणजे अगदीच गुपचूप नाही. मेसेज आला होता. ह्यांच्या फोनवर, मराठीत. मला तो पाठ आहे, कारण पुढं मी तो कितीतरी जणांच्या तोंडासमोर धरलाय. "प्रिय ग्राहक, आपल्या वाहनातील आपत्कालीन संपर्क सेवा सूर्यास्त होत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

संध्याकाळी चहा घेताना ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला. "सेवा सूर्यास्त होत आहे. म्हणजे काय गं?"

मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, "सेकंड शिफ्ट बंद केली असणार त्यांनी."

आता हसा. पण आमच्याकडे शिफ्ट बंद होणं ही रोजची गोष्ट आहे. ऑर्डर कमी झाली की सेकंड शिफ्ट बंद, थर्ड तर आधीच गेलेली. नोटीस लागते, ओव्हरटाइम जातो, लोक चहाच्या टपरीवर हळहळतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. तसंच कॉल सेंटरचं झालं असणार. माणसं कमी केली, आता फक्त दिवसपाळी. सूर्यास्तानंतर सेवा बंद. त्यात न समजण्यासारखं काय होतं? मला तर त्या मुलींचंच वाईट वाटलं. म्हटलं, बघा, किती जणींच्या नोकऱ्या गेल्या असतील.

"आणि शब्द तरी किती छान वापरलाय," हे म्हणाले. "नाहीतर आपल्याकडे नोटीस लावतात, बंद म्हणजे बंद."

मग आम्ही दोघांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्यातली सूर्यास्ताची वेळ बघितली. हो, खरंच बघितली. हिवाळ्यात लवकर, उन्हाळ्यात उशिरा. मी त्यांना ताकीद दिली की वेळ बघून निघायचं, अंधार पडायच्या आत घरी. आणि डॅशबोर्डवरच्या कागदाखाली पेनानं एक ओळ वाढवली: सूर्यास्तानंतर सेवा बंद. मनाच्या समाधानासाठी गाडीत जाऊन दिवाही बघितला. हिरवा होता. म्हटलं, ओके.

ह्यांनी ती वेळ इतकी पाळली की स्टाफरूममधले चिडवायचे, मास्तर कोंबड्यांसारखे दिवस मावळायच्या आत घरी जातात. हे घड्याळ बघून निघायचे.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी ते झालं. उन्हाळा नुकता लागला होता. त्यांच्याकडे परीक्षा होती, त्यामुळं दुपारीच मोकळे होणार होते. माझी फर्स्ट शिफ्ट, साडेतीनला सुटणार. सकाळीच ठरलं की हे मला घ्यायला गेटवर येतील आणि जेवण गाडीतच बसून मिळून करू. मी ज्वारीची भाकरी, मेथी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "तोवर उपाशी राहू नका, काहीतरी पोटात टाका," असं मी म्हटलं, आणि "हो गं बाई," असं ते म्हणाले. टाकलं नाही. कप्प्यातली चिक्की त्यांनी आदल्या दिवशीच स्टाफरूममध्ये वाटून खाल्ली होती, तेही मला नंतर कळलं.

चाकणच्या चौकात एक ट्रेलर आडवा झाला होता. दीड तास गाड्या जागच्या हलत नव्हत्या. तिथून सुटून हे निघोज्याकडे वळले तेव्हा शुगर उतरायला लागली असणार. पण शिकवलेलं सगळं बरोबर केलं माणसानं. गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. कप्पा उघडला, चिक्की नव्हती. पुढच्या स्टेपला गेले. बटण दाबलं.

साडेतीनला मी लॉकर उघडून फोन घेतला. एकही मिस्ड कॉल नव्हता. गेटवर गाडीही दिसेना. म्हणून नेहमीसारखा फोन लावला, तर पलीकडून भलताच आवाज.

"हॅलो, कोन?"

"तुम्ही कोण? हा माझ्या मिस्टरांचा फोन आहे."

"ताई, मी रसवंतीवाला. निघोज्याच्या फाट्याच्या अलीकडं माझी रसवंती हाय. तुमचे मालक हितं गाडीत पडल्यात. सुद न्हाई त्यास्नी. लवकर या."

आमच्या गेटपासून ती रसवंती दीड किलोमीटरवर. रोज कंपनीच्या बसमधून मला दिसते. मी गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याची कॉलरच धरली म्हणा ना, कंपनीची ॲम्ब्युलन्स काढायला लावली. दीड किलोमीटरला दहा मिनिटं लागली, पुढं सगळे ट्रकच ट्रक. मी ॲम्ब्युलन्समधून उतरून पळत जाणार होते, नर्सनं हात धरून बसवलं.

गाडी भर उन्हात उभी होती. सीट मागं पाडलेली, शर्ट चिंब, दातखीळ बसलेली. रसवंतीवाला गुडघ्यावर बसून त्यांच्या हिरड्यांना गूळ चोळत होता. त्याच्या आईला हाच आजार, म्हणून त्याला कळलं. ते त्याला कळलं नसतं, तर हे लिहायला मी बसले नसते. नर्सनं बोटातून रक्त काढून शुगर बघितली, तर मशीनवर आकडा आलाच नाही, नुसतं 'लो' आलं.

मी वर बघितलं. दिवा हिरवागार. मागच्या सीटवर जेवणाची पिशवी जशीच्या तशी. हात मागं केला असता तर भाकरी हाताला लागली असती.

नंतर दवाखान्याच्या बाहेर रसवंतीवाला मला भेटला. आपणच गुन्हा केल्यासारखा उभा होता. म्हणाला, "ताई, गाडी अर्धा तास हुबी हुती. मी दोनदा बघितलं बी. पन मास्तर वर बघून बोलत हुते. एकसारखं बोलत हुते. मला वाटलं, फोन चालू हाय. आता समदेच गाडीत तसं बोलत्यात न्हवं? म्हनून आमी न्हाई गेलो. बोलनं थांबलं, तवा म्हटलं, बघावं जरा."

बोलणं थांबलं तेव्हा. ते बोलत होते म्हणून कुणी आलं नाही. आणि बोलत राहा, हे कुणी शिकवलं होतं? मी. जाड अक्षरात. मी त्या माणसाचे हात धरले आणि दवाखान्याच्या दारात मोठमोठ्यानं रडले. तो बिचारा म्हणत राहिला, "ताई, वाचत्यात ते, वाचत्यात."

वाचले. दोन दिवस मला ओळखत नव्हते, आठव्या दिवशी घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला साखर मिळायला फार उशीर झाला. बघितलं तर तसं काही दिसत नाही. चालतात, जेवतात, चेष्टाही करतात. पण व्हर्नियर हातात घेतला की अडखळतात. आकडा वाचतात, पुन्हा वाचतात, माझ्याकडे बघतात. एकदा सांगितलेलं दुसऱ्या दिवशी आठवतंच असं नाही. गाडी चालवायला कायमची मनाई. आयटीआयवाल्यांनी गोड बोलून सांगितलं, सर, आता आराम करा. ज्या माणसाला बोटानं केसभर जास्त कळायचं, तो आता सकाळी आंघोळ करून, शर्टाला पेन लावून गॅलरीत बसतो.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या टाय लावलेल्या मुलानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ही सेवा तर बंद झालीये. आपल्याला मेसेज गेला होता."

मी मेसेज त्याच्यासमोर धरला. "दाखव. यात बंद कुठं लिहिलंय?"

"हे काय मॅडम, सूर्यास्त. सेवा बंद करण्याला इंग्लिशमध्ये सनसेट म्हणतात ना, तसं."

"मग इंग्लिशमध्ये लिहायचं! मराठीत बंदला बंद म्हणतात. दुकान बंद, नळ बंद, शाळा बंद. तुझ्या घरी नळाला पाणी आलं नाही तर आई काय म्हणते, नळाचा सूर्यास्त झाला?"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. तो मुलगा म्हणाला, "ट्रान्सलेशन वरून येतं मॅडम." वरून म्हणजे कुठून, ते त्याला माहीत नव्हतं.

"बरं, नवीन डबा बसवून द्या."

"या मॉडेलला नवीन बसत नाही. नवीन गाडीतच येतो."

"मग हा हिरवा दिवा कसा चालू आहे?"

"तो पॉवरचा दिवा आहे मॅडम. डब्याला करंट मिळतोय एवढंच. नेटवर्कशी त्याचा संबंध नाही."

हे ऐकलं आणि मला आमचा बूथ आठवला. त्याचं बरोबर होतं. बूथमध्ये दिवा हिरवा व्हायचा तो डबा जोडल्या जोडल्या, मी बटण दाबायच्या आधी. नंतर मैत्रिणीचं "येतोय, बोला" आलं तरच शिक्का. खरी टेस्ट ती होती. दिव्याच्या नादात इतक्या वर्षांत मी तेच विसरून गेले, आणि घरी कागदावर उतरवलं काय, तर दिवा. कंपनीनं शब्द चुकवला, मी दिवा चुकवला. भोगतोय कोण?

मी त्याला म्हटलं, निदान या दिव्याची वायर तरी काढ. दुसरा कुणी फसायला नको. तर म्हणे, वायरिंगला हात लावायचा तर हेड ऑफिसची परवानगी लागते, मेल टाकावा लागेल. टाक म्हटलं. त्याला आता तीन महिने झाले.

गेल्या रविवारी मी स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेऊन पार्किंगमध्ये उतरले. वायरिंगच्या लाइनवर आहे, कनेक्टर मला शिकवायला नको. हेही मागून आले आणि सवयीनं ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मी शेजारी बसले. सकाळचे दहा वाजले असतील. छताचं झाकण उचकटलं, डबा खाली ओढला. त्याच्यावरचा शिक्का माझा नव्हता, शेजारच्या बूथचा होता, मैत्रिणीचा. मला उगाच वाटत होतं की माझाच निघणार.

इतके दिवस जे विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते तेव्हा विचारलं. "त्या दिवशी अर्धा तास काय बोलत होता हो तुम्ही?"

त्यांनी समोर काचेतून बघितलं. "तुझा नंबर सांगत होतो त्यांना. दहाही आकडे, सावकाश. म्हटलं, माझी बायको इथंच पुढच्या गेटात आहे. तिला फोन लावा, सांगा की मी आलोय. पुन्हा पुन्हा सांगितलं."

"आणि फोन कुठं होता?"

त्यांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. पेनाच्या मागं. आत्ताही तिथंच होता.

माझा तोल गेला. मी ओरडले, "अहो, मग थांबायचं ना! कुणी उत्तर देत नाही म्हटल्यावर थांबायचं! दार उघडायचं, खाली उतरायचं, कुणालातरी हाक मारायची!"

"थांबायचं कशाला?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मलाच काही कळत नव्हतं. त्यांनी कागदावर बोट ठेवलं, पेनानं लिहिलेल्या शेवटच्या ओळीवर. "ऊन होतं की लख्ख. सूर्यास्त कुठं झाला होता?"

दवाखान्यातून आल्यापासून मी हे त्यांना चारदा समजावून सांगितलं होतं. चारही वेळा त्यांनी मान हलवली होती.

मी कनेक्टरची कडी दाबली आणि ओढला. हिरवा दिवा विझला. ते दचकले. वर बघितलं, मग बाहेर उन्हाकडे, मग माझ्याकडे.

"अगं," ते घाबरून म्हणाले, "आता दिवसासुद्धा नाही लागणार?"

"नाही," मी म्हटलं. "बंद झालंय ते. बंद."